खुर्ची दिली, पण विषयपत्रिका कुणी ठरवली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या युवक संस्थेच्या सल्लागार समितीवर वर्षभरापूर्वी दोन अपंग सदस्य घेतले. मुलगी १९ वर्षांची, सेरेब्रल पाल्सीमुळे तिचं बोलणं पटकन कळत नाही, अक्षरांवर बोट किंवा नजर ठेवून बोलण्याचा संवादफलक वापरते. मुलगा २२ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. दोघं प्रत्येक बैठकीला वेळेवर येतात आणि शेवटपर्यंत बसतात. मुलीच्या वतीने तिची आई बोलते, मुलगा प्रत्येक ठरावाला ‘हो’ म्हणतो. यांचा आत्मविश्वास वाढवायला कुठलं प्रशिक्षण द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

प्रशिक्षणं पुष्कळ आहेत. पण गेली २२ वर्षं मी अपंग तरुणांच्या गटांसोबत काम करते आहे आणि आपापसांत गप्प बसणारा गट मला अजून भेटायचाय. बैठकीत तोंड न उघडणारी पोरं परतीच्या गाडीत त्याच बैठकीची अशी चिरफाड करतात, की अध्यक्षांच्या कानावर गेली तर ते राजीनामा देतील. तेव्हा हा गप्पपणा त्या दोघांनी घरून आणलेला नाही. तो तुमच्या बैठकीत तयार होतो, आणि कसा होतो हे शोधायला मागची तीन इतिवृत्तं पुरतील.

ती काढून बसा. विषयपत्रिका कुणी केली? टिपणं सदस्यांना कधी आणि कुठल्या रूपात गेली? उपस्थितांची यादी सोडली तर या दोघांची नावं कागदावर कुठे येतात? त्यांनी सुचवलेला एखादा तरी विषय आहे का, आणि असल्यास त्याचं पुढे काय झालं? मला बहुतेक ठिकाणी जे दिसतं ते असं: विषय अध्यक्ष आणि सचिव फोनवर ठरवतात. चाळीस पानांची स्कॅन केलेली फाइल आदल्या रात्री येते. (स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला स्कॅन म्हणजे कोरं पान. त्यात अक्षरं नसतात, अक्षरांचा फोटो असतो.) प्रत्येक विषयाला सात-आठ मिनिटं. आणि अवघड विषयाचा निकाल मधल्या सुट्टीत व्हरांड्यातच लागलेला असतो. अशा बैठकीत मीसुद्धा गप्पच बसेन.

जाता जाता शब्दाबद्दल. तुम्ही ‘दिव्यांग’ लिहिलंय, मी ‘अपंग’ लिहिते आहे, कुणी आणखी तिसरंच लिहील. तुमच्या कागदांवर कुठला शब्द असावा हे त्या दोघांनाच ठरवू द्या. छोटा निर्णय आहे, पण खरा आहे आणि उद्यापासून अमलात येऊ शकतो. सुरुवात करायला याहून बरं काम मला सुचत नाही.

आता मुलीबद्दल. माझ्या अनुभवातली एक बैठक सांगते. एका वसतिगृहाच्या सुविधांवर चर्चा होती, १८ माणसं टेबलाभोवती. एक मुलगी संवादफलकावर नजरेने अक्षरं निवडायची, समोर बसलेली मैत्रीण ती एकेक करून मोठ्याने म्हणायची. ती बोलायला लागली तशी खोलीत चुळबुळ सुरू झाली. चौथ्या मिनिटाला अध्यक्षांना राहवलं नाही. ‘म्हणजे तुला रॅम्प हवाय, बरोबर?’ ती थांबली. मान हलली नाही. मग तिने परत पहिल्या अक्षरापासून सुरू केलं. अकरा मिनिटांनी वाक्य पूर्ण झालं: ‘रॅम्प आहे. संडासाच्या दाराला आतून कडी नाही.’

कडी मुद्दाम काढलेली होती, मदतनिसांना पटकन आत जाता यावं म्हणून. तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण टेबलाभोवतीच्या बाकी कुणालाही ते दार वापरावं लागत नव्हतं.

हे सांगून ‘तिला वेळ द्या’ एवढंच म्हणायचं नाही. वेळ द्याच. पण माझी चूक वेगळी होती. तिला तो प्रश्न मी बैठकीतच पहिल्यांदा विचारला होता. संवादफलकावर बोलणाऱ्या माणसाला आयत्या वेळी प्रश्न टाकणं म्हणजे बाकीच्यांना तोंडी परीक्षा आणि तिला तीच परीक्षा दगडावर अक्षरं कोरून देण्यासारखं आहे. पुढच्या बैठकीपासून प्रश्न आठ दिवस आधी जायला लागले. ती घरी सवडीने लिहून आणायची, तिचं म्हणणं त्या विषयावर सगळ्यात आधी वाचलं जायचं आणि बाकीचे त्यावर बोलायचे. बैठकीत तिला फक्त छोटी उत्तरं द्यावी लागत. आणखी एक: अर्धं वाक्य झाल्यावर समोरच्याने अंदाज बांधलेला काहींना आवडतो, कष्ट वाचतात. काहींना तो अपमान वाटतो. कुणाला काय चालतं हे गृहीत धरू नका, पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि सगळ्या सदस्यांना सांगून ठेवा.

मदतनिसाच्या बाबतीत एक सावधगिरी. फलकावर ती स्वतः बोट ठेवते की नजरेने निवडते, की कुणी तिचा हात धरून अक्षरांवर नेतं? हात धरून टंकलेखन करवण्याची एक पद्धत १९९० च्या सुमाराला फार गाजली. नीट चाचण्या घेतल्यावर दिसलं की शब्द हात धरणाऱ्याचे होते, त्याच्या स्वतःच्याही नकळत. अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असंच सांगितलं. मदतनीस प्रामाणिक असतो, प्रेमळ असतो, आणि तरीही त्याच्या तोंडून त्याचंच मत बाहेर पडू शकतं. आईच्या बाबतीत हे शंभर पटीने खरं.

आईला वाईट ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. कुणीच ऐकत नव्हतं तेव्हा १९ वर्षं त्या बाईंनी दारोदार बोलून मुलीला शाळेत घातलं असेल, उपचार मिळवले असतील. ‘आता जरा गप्प बसा’ असं त्यांना तुमच्यासारख्या परक्याने सांगितलं तर त्या दुखावतील, आणि मुलगी आईच्या बाजूने उभी राहील. मी करते ते असं. आधी आईशी वेगळं बसते आणि विचारते, ‘तुम्हाला पालक म्हणून समितीला काय सांगायचंय?’ याचं उत्तर लांबलचक येतं, आणि त्यातलं पुष्कळ महत्त्वाचं असतं. ते पालकांचं म्हणणं म्हणून, त्यांच्या नावाने नोंदवून घ्यायचं. पालकांसाठी वेगळी बैठक शक्य असेल तर उत्तम. मग मुलीच्या बैठकीत आईची खुर्ची तिच्या शेजारी न ठेवता मागे ठेवायची. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण शेजारी बसलेल्या आईकडे सगळे बघतात, मागे बसलेल्या आईकडे बघायला मान वळवावी लागते, आणि मान वळवताना माणसाला आपण काय करतोय ते कळतं. शेवटी मुलीला एकटीला विचारायचं: मदतीला आईच हवी की दुसरं कुणी? ती ‘आईच’ म्हणाली तर आईच. तो तिचा निर्णय.

तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली. तुम्ही दोघांना सतत ‘मुलं’ म्हणता. मीही वर तेच केलं, जीभ वळलेली असते. पण १९ आणि २२ म्हणजे दोघं सज्ञान आहेत, आणि त्याने फार फरक पडतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला आणि मे २००८ मध्ये अमलात आला. त्याचं १२ वं कलम म्हणतं की अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकीच क्षमता आहे, आणि ती वापरायला लागेल ती मदत तिला मिळाली पाहिजे. कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २०१४ मध्ये या कलमाचा अर्थ उलगडून सांगितला. प्रौढ माणसाच्या बाबतीत ‘त्याच्या हिताचं काय’ ही कसोटी लावायची नाही. ‘त्याची इच्छा काय, पसंती काय’ ही लावायची. अगदी प्रयत्नांची शर्थ करूनही इच्छा कळली नाही, तर तिचा जास्तीत जास्त जवळ जाणारा अर्थ लावायचा. पालकत्वाचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, आणि सह्यांच्या बाबतीत तुमच्याकडचा कायदा बघावा लागेल. पण सल्लागार समितीत मत मांडायला कुठल्याही पालकाची सही लागत नाही. ‘तिच्या भल्यासाठीच सांगतेय’ हे वाक्य १८ व्या वाढदिवसानंतर निदान तुमच्या सभागृहात तरी युक्तिवाद म्हणून चालू नये.

लहान मुलांचा मुद्दा निघालाच आहे तर कायद्यातला एक बारकावा सांगते, मला तो फार आवडतो. १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम मत मांडण्याचा हक्क देतं, पण ‘स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या’ मुलाला. या चार शब्दांच्या फटीतून अपंग मुलांना वर्षानुवर्षं बाहेर काढलं गेलं: याला कुठे काय कळतंय? २००६ च्या करारातलं ७ वं कलम तोच हक्क सांगताना ही अट घालत नाही. उलट पुढे जोडतं की मत मांडता यावं म्हणून मुलाला त्याच्या अपंगत्वाला आणि वयाला साजेशी मदत मिळाली पाहिजे. आधी परीक्षा मुलाची होती, आता ती आपली आहे.

आता ‘हो’ म्हणणाऱ्या तरुणाकडे वळते. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं हो-नाहीच्या प्रश्नाला, विशेषतः प्रश्न कळला नसेल तेव्हा, ‘हो’ म्हणण्याकडे झुकतात हे १९८० च्या आसपासच्या संशोधनापासून माहीत आहे. यात नवल नाही. ज्याने आयुष्यभर ‘नाही’ म्हटल्यावर ओरडाच खाल्लाय, त्याच्यासाठी ‘हो’ हा प्रसंगातून सुटण्याचा मार्ग असतो. तुमची कार्यपद्धती अशी असेल की ‘सर्वांना मान्य?’ विचारायचं आणि माना डोलल्या की पुढे जायचं, तर त्याच्याकडून दुसरं उत्तर येणारच नाही.

काय करता येतं? हो-नाहीऐवजी दोन पर्याय ठेवा, आणि थोड्या वेळाने तेच पर्याय उलट्या क्रमाने विचारा. दोन्ही वेळा तो शेवटचाच पर्याय निवडत असेल तर प्रश्न पोचलेला नाही. ‘यात तुला काय बदलावंसं वाटतं?’ असं विचारा. या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तरच होत नाही. कागद सोप्या भाषेत द्या: एका वाक्यात एक गोष्ट, शेजारी चित्र, मोठा टाइप. प्रत्येकाला एक लाल कार्ड द्या, ‘थांबा, मला कळलं नाही’ या अर्थाचं. हे कार्ड सगळ्यांनाच द्यायचं, त्याला एकट्याला नाही. आमच्याकडे पहिल्या सहा महिन्यांत ते सर्वांत जास्त वेळा कुणी उचललं असेल तर खजिनदारांनी. अंदाजपत्रक त्यांनाही कळत नव्हतं, विचारायची सोय नव्हती इतकंच.

आणि शक्य असेल तिथे कागदापासून उठा. एका नव्या इमारतीच्या खोल्यांचा नकाशा आम्ही अशाच एका गटापुढे ठेवला होता. सगळ्यांचं ‘छान आहे’. मग मैदानावर चुन्याच्या रेघांनी त्या मापाची खोली आखली, पलंगाच्या जागी सतरंजी टाकली. एक तरुण, ज्याने तोवर फक्त माना डोलावल्या होत्या, आत जाऊन सतरंजीवर आडवा झाला, उठला, दाराच्या जागी उभा राहून हाताने दार उघडल्याची खूण केली आणि म्हणाला, ‘लागतंय.’ दार आत उघडताना पलंगाला अडकत होतं. व्हीलचेअरचं तर विचारायलाच नको. वास्तुविशारद दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

अर्थात दर वेळी असं चमकदार काही निघत नाही. असे किस्से एकापाठोपाठ एक सांगितले की अपंग तरुण म्हणजे सुप्त ज्ञानाचे झरेच, असा समज होतो. तसं काही नसतं. आमच्या एका गटाच्या हातात आम्ही प्रचाराचा सगळा निधी दिला. त्यांनी टी-शर्ट छापले, आणि ते कार्यक्रम झाल्यावर चौथ्या दिवशी आले. कार्यकारिणीत हलकल्लोळ. पुढच्या वर्षी पैसे काढून घ्यावेत असा ठराव येत होता. मी एवढंच विचारलं, की मागच्या पाच वर्षांत कार्यकारिणीचे स्वतःचे किती कार्यक्रम वेळेवर झाले? निधी तसाच राहिला. पुढच्या वर्षी पोरांनी टोप्या छापल्या. माझ्या मते तोही वायफळ खर्चच होता, पण टोप्या वेळेवर आल्या. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये ‘धोका पत्करण्यातली प्रतिष्ठा’ अशी एक कल्पना मांडली होती. माणसाला प्रत्येक चुकीपासून वाचवत राहिलं तर आपण त्याचं माणूसपण काढून घेतो, असा तिचा आशय. तुमच्या समितीत या दोघांच्या हातात लहानशी का होईना, खर्च करायची रक्कम आहे का? नसेल तर त्यांचं मत म्हणजे अभिप्राय आहे, निर्णय नाही. आणि हा फरक त्यांना आपल्या आधी कळतो.

आता मी स्वतः केलेली सगळ्यात मोठी चूक, कारण तुम्ही बहुधा तिच्या वाटेवर आहात. एका वर्षी आम्ही तरुणांच्या मागण्यांची सनद काढायची ठरवली. तीन दिवस शिबिर घेतलं, भिंतभर चिठ्ठ्या लागल्या. मग त्या सगळ्यांचा ‘सारांश’ मी रात्री बसून लिहिला. देखणी भाषा, बारा कलमं. प्रकाशनाच्या वेळी एका तरुणाने प्रत हातात घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि मला विचारलं, ‘यात माझं वाक्य कुठलं?’ मी शोधायला लागले. त्याने लिहिलं होतं, ‘माझा फोन आई बघते, ते बंद करा.’ ते मी ‘खासगीपणाच्या हक्काची जपणूक’ असं करून पाचव्या कलमात घातलं होतं. तो म्हणाला, ‘हे मी नाही म्हटलं.’ खरंच नव्हतं म्हटलं. त्याच्या वाक्यात एक फोन होता, एक आई होती आणि एक मागणी होती, आणि ती मागणी कुठल्याही खात्याकडे नव्हती, घरात होती. माझ्या कलमात यातलं काहीच उरलं नव्हतं.

उत्तर आयर्लंडमधल्या बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लुंडी यांनी २००७ मध्ये मुलांच्या सहभागासाठी चार गोष्टी सांगितल्या: मत बनवायला आणि मांडायला जागा, ते मांडायला मदत, ते ऐकणारा श्रोता, आणि त्या मताचा प्रभाव. पहिल्या दोनवर संस्था भरपूर काम करतात. शिबिरं घेतात, चित्रं काढून घेतात, व्हिडिओ करतात. तिसऱ्यापाशी पाय अडखळतो, कारण ऐकणारा माणूस निर्णय घेण्याच्या जागेवरचा असावा लागतो, आणि तो शिबिराच्या उद्घाटनाला येऊन अर्ध्या तासात निघून जातो. चौथं तर सहसा कुणी तपासतही नाही.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करा. इतिवृत्तात एक रकाना वाढवा: ‘सदस्याने काय सांगितलं, आपण काय केलं, नाही केलं तर का नाही.’ सांगितलेलं सदस्याच्या शब्दांत, एका अक्षराचाही फरक न करता. उत्तर ३० दिवसांत, त्या सदस्याला वाचता येईल अशा रूपात. प्रत्येक सूचना मान्य करायची नाहीये. ‘नाही, कारण पैसे नाहीत’ हेही चालेल. पण उत्तर यायलाच हवं. माझ्या अनुभवात कुठल्याही आत्मविश्वासाच्या शिबिरापेक्षा या रकान्याने जास्त लोकांची तोंडं उघडली आहेत. आपण बोललो की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं, हे एकदा कळलं की माणूस बोलतो. विहिरीत दगड टाकून आवाज येत नसेल तर तिसरा दगड कोण टाकेल?

एका प्रसंगाची तुम्ही समितीत चर्चा घडवून आणा, असं सुचवेन. वॉशिंग्टनमधलं गॅलॉडेट विद्यापीठ कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी १८६४ मध्ये सुरू झालं. मार्च १९८८ पर्यंत, म्हणजे १२४ वर्षं, तिथे एकही कर्णबधिर अध्यक्ष झाला नव्हता. त्या वर्षी शेवटच्या यादीत तीन नावं होती, त्यांपैकी दोन कर्णबधिरांची. विश्वस्तांनी निवडलं तिसऱ्या, ऐकू येणाऱ्या उमेदवाराला. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची फाटकं बंद केली. आठवडाभरात विश्वस्त मंडळ नमलं, आय. किंग जॉर्डन पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले.

ही गोष्ट सगळे इथवर सांगतात. मला महत्त्वाच्या वाटतात त्या विद्यार्थ्यांच्या चार मागण्या. पहिली, कर्णबधिर अध्यक्ष. दुसरी, विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांचा राजीनामा. तिसरी, विश्वस्त मंडळात ५१ टक्के कर्णबधिर. चौथी, आंदोलनात उतरलेल्या कुणावरही कारवाई नको. चारही मान्य झाल्या. तिसरी मागणी बघा: एका माणसाची नेमणूक त्यांना पुरेशी वाटली नाही, पुढच्या नेमणुका कोण करणार ते त्यांनी बदलून घेतलं. अपंग हक्क कराराच्या समितीने २०१८ मध्ये हाच भेद नियम म्हणून मांडला. अपंगांसाठी चालवलेल्या संस्था वेगळ्या आणि अपंगांनी स्वतः चालवलेल्या संघटना वेगळ्या. सरकारने सल्लामसलत करताना मान या दुसऱ्या प्रकारच्या संघटनांना द्यायचा, आणि त्यात मुलांच्या आणि तरुणांच्या संघटनाही आल्या. तुमची संस्था पहिल्या प्रकारची आहे, माझीही. त्यात लाज नाही. पण ‘अपंग तरुणांचं म्हणणं’ म्हणून आपण निवेदन देऊ लागलो तर त्याआधी त्यांची एखादी संघटना आहे का ते बघावं, आणि असेल तर माइक तिच्या हातात द्यावा.

आणि चौथी मागणी. हिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. तुमच्या समितीतली तरुणी ज्या गाडीने बैठकीला येते, त्या गाडीच्या चालकाबद्दल तिची तक्रार असेल तर ती कशी करेल? उद्या त्यालाच तिला उचलून गाडीत बसवायचंय. वसतिगृहात राहणारा तरुण वॉर्डनबद्दल समितीत बोलला, तर रात्री काय होतं? अपंग तरुण पुष्कळदा अशाच माणसांवर अवलंबून असतात, ज्यांच्याबद्दल त्यांना बोलायचं असतं. ‘मोकळेपणाने बोला’ हे त्यांना सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, जोवर बोलण्याची किंमत त्यांना मोजावी लागणार नाही याची व्यवस्था आपण केलेली नाही. लेखी नियम करा, तक्रार ऐकणारी व्यक्ती सेवा देणाऱ्या विभागाबाहेरची ठेवा, नाव न सांगता बोलायची वाट ठेवा. तुमच्या दोघांच्या गप्प बसण्यामागे हे कारण असू शकतं, ही शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नव्हती.

बाकी काही गोष्टी भराभर सांगते, कारण त्यांत वाद घालण्यासारखं काही नाही. प्रवासखर्च मदतनिसाचाही द्या. इतर तज्ज्ञांना मानधन देत असाल तर यांनाही तेवढंच. सांकेतिक भाषेचे दुभाषी लांब बैठकीला दोन लागतात, साधारण वीस मिनिटांनी ते आलटून पालटून काम करतात. एकावर दिवसभर भागवलं तर दुपारनंतर कर्णबधिर सदस्याला अर्धीच बैठक मिळते. आणि बोलताना दुभाष्याकडे न बघता त्या सदस्याकडे बघा. अपंग सदस्यांसाठी दोनच खुर्च्या पुरत नाहीत. एक चुणचुणीत, छान बोलणारा तरुण सगळ्या व्यासपीठांवर फिरवला जातो, आणि ज्यांचा संवाद अवघड आहे, जे संस्थांमध्ये राहतात, ज्या मुलींना घरून सोडत नाहीत, त्यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही. मुदत ठरवा, दर दोन वर्षांनी नवे सदस्य येऊ द्या, जुन्यांनी नव्यांना शिकवू द्या.

त्यांची ‘कहाणी’ मागणं मात्र थांबवा. परिषदांमध्ये ठरलेला क्रम असतो: सकाळी तरुण आपली कहाणी सांगतो, डोळे पाणावतात, टाळ्या होतात, दुपारी धोरणाच्या सत्रात तज्ज्ञ बसतात आणि तो तरुण घरी गेलेला असतो. त्याला सकाळच्या सत्रातून काढून दुपारच्या सत्रात बसवा. त्याला बसच्या वेळापत्रकाबद्दल मत असेल, परीक्षेच्या नियमांबद्दल असेल, लग्नाबद्दल असेल. अपंगत्वाशी काडीचाही संबंध नसलेल्या विषयावरही असेल. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांनी स्वतःची परिषद भरवली, तेव्हा नाव घेतलं ‘पीपल फर्स्ट’. आम्ही आधी माणसं आहोत, बाकीचं नंतर. तुमच्या समितीत या दोघांना अपंगत्वाचेच विषय येतात का, तेही इतिवृत्तं चाळताना बघून घ्या.

पुढची बैठक कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आठ दिवसांच्या आत असेल तर पुढे ढकला. कागद नीट करायला तेवढे दिवस लागतीलच. उद्या दोघांना वेगवेगळं भेटा, मुलीला आईशिवाय, तिला हव्या त्या मदतनिसासोबत. तिला सांगा की विषयपत्रिकेचा पहिला विषय रिकामा ठेवलाय आणि तो तिने भरायचाय. मग गप्प बसा. माझ्या अनुभवात आठ-दहा मिनिटं शांतता असते आणि ती फार लांब वाटते. घड्याळ बघायचं नाही, मोबाइल उलटा ठेवायचा. तिने ‘काही नाही’ म्हटलं तर तसं लिहा आणि पुढच्या महिन्यात तोच रिकामा विषय घेऊन परत जा. त्या तरुणाकडे जाताना मागच्या बैठकीत त्याने ‘हो’ म्हटलेला एक ठराव सोबत न्या आणि त्याला विचारा, यातलं काय काढून टाकू.